सीतेची आसवं : ओळख आणि पत्ता

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



बँकेत माझी ३६ वर्षं चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहण्यात गेली. रिटायर झाल्यावर तीच सवय रानफुलांच्या कामी आली. आज एकाच फुलाची ओळख करून देतो.

साताऱ्याहून साधारण २५ किलोमीटरवर कासचं पठार आहे. खाली जांभा खडक, वर मातीचा जेमतेम थर. पावसाचं पाणी मुरायला जागा नाही, ते साचून राहतं. अशा ओलसर जागी ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं फुलतात.

आता सही जुळवू या. फूल नखाएवढं, जांभळट निळं. खालचा ओठ रुंद, त्याच्या मध्यावर पांढरा डाग, मागे टोकदार शेपटी. दांडा काडीसारखा, पानं बहुधा दिसतच नाहीत. शेजारी पांढऱ्या बटणांसारखे गेंद दिसले, की समजा पत्ता बरोबर. नभाळीही जांभळटच, पण तिला तीन पाकळ्या आणि केसाळ पुंकेसर असतात. तिथे फसू नका.

हे इवलंसं रोप मांसाहारी आहे बरं का! तिथल्या मातीत नत्र कमी. म्हणून जमिनीखालच्या तंतूंवर बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराशी असलेल्या केसांना लागला, की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो.

आता एक कबुली. आपली पहिली सहल कासला गेली, तेव्हा ग्रुप फोटोसाठी "चला, सगळे आत जाऊन गालिच्यावर बसा" म्हणणारा मीच होतो. सौ. म्हणाली होती, "अहो, खाली काय आहे ते बघा तरी." मी ऐकलं नाही. तो फोटो आजही सोसायटीच्या ऑफिसात आहे. सगळे हसतायत आणि खाली फुलं चिरडलेली. ह्या रोपाचं आयुष्य एका हंगामाचं. बी धरण्याआधीच तुडवलं, तर पुढच्या वर्षीची ठेव बुडाली. हे मला कळलं तेव्हा सांगायला सौ. राहिली नव्हती.

येत्या सप्टेंबरात आपण पुन्हा कासला जातोय. ह्या वेळी वाट सोडायची नाही. गुडघे साथ देतील तेवढं वाकून बघू आणि ग्रुप फोटो वाटेवर उभं राहूनच काढू. तो जुन्या फोटोशेजारी लावावा, एवढी कमिटीला विनंती.