ट्राम, बस आणि लोकल : कोलकात्याचा धडा
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल की, आपण रेल्वेचे आणि टपालखात्याचे कामगार. कोलकात्याच्या ट्रामशी आपले काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि ते जुने आहे. १९४६ च्या जुलैत देशभरातले टपाल कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी २९ जुलै रोजी कलकत्त्यात सार्वत्रिक संप झाला. पोस्टमनच्या मागण्यांसाठी ट्रामच्या कामगाराने आपला दिवस बुडवला. रेल्वेच्या कामगारांना तर हे शहर परके नाहीच. दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे वेगळी होईपर्यंत नागपूर विभागाचे मुख्यालय कोलकात्याच्या गार्डन रीचला होते. आपल्यातल्या किती जणांच्या बदलीचे आणि बढतीचे कागद तिथून येत असत!

तेव्हा हा इतिहास आपलाच आहे असे समजून ऐकावे, अशी विनंती आहे.

कलकत्त्यात घोड्यांची ट्राम पहिल्यांदा धावली ती २४ फेब्रुवारी १८७३ रोजी, सियालदह ते आर्मेनियन घाट. ती वर्षभरही टिकली नाही. पुढे १८८० साली लंडनमध्ये नोंदलेली कलकत्ता ट्रामवेज कंपनी आली आणि २७ मार्च १९०२ पासून विजेची ट्राम सुरू झाली. हावडा आणि सियालदह या दोन मोठ्या स्टेशनांवर लोकलने उतरलेला चाकरमाना तिथून ट्राम धरून कचेरीला जाई. १९४३ साली हावड्याचा पूल खुला झाला, तेव्हा त्यावरून पहिली गेली ती ट्रामच. १९४८ साली सरकारी बससेवा आली, १९५७ पासून हावड्याच्या बाजूला विजेच्या लोकल धावू लागल्या. लोकल, ट्राम आणि बस अशी तीन पायांची ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेवर लोकांचा हक्क किती होता, ते १९५३ साली दिसले. कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले. एक पैसा ही काय मोठी रक्कम, असे साहेब लोकांना वाटले असेल. पण महिन्याचा हिशेब आण्यांत करणाऱ्या माणसाला त्या पैशाची किंमत ठाऊक होती. भाडेवाढविरोधी समिती स्थापन झाली. लोक जुनेच भाडे पुढे करू लागले. पोलीस आले, लाठ्या चालल्या, गोळ्या चालल्या, शहर बंद पडले, आणि अखेर वाढ स्थगित करावी लागली. कंपनीचा कारभार १९६७ साली सरकारने हाती घेतला आणि १९७६ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. आपल्या देशात सार्वजनिक वाहतूक सार्वजनिक झाली, त्यामागे लोकांच्या अशा लढ्यांचाही मोठा वाटा आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहू. लढून मिळवलेली गोष्ट हातातून कशी जाते, हे ट्रामच्या बाबतीत नीट पाहण्यासारखे आहे.

ट्राम एका दिवसात बंद झाली नाही. १९९३ साली हावडा पुलावरून ती काढली. त्यामुळे लोकलच्या सर्वांत मोठ्या स्टेशनाशी असलेला तिचा थेट संबंध तुटला. पूर्वी अनेक ठिकाणी ट्रामला रस्त्याच्या मध्ये स्वतःची राखीव वाट होती. ती वाट पुढे काँक्रीटने भरून मोटारींना खुली केली. साहजिकच ट्राम मोटारींच्या गर्दीत अडकली, आणि मग तिच्यामुळेच वाहतूक अडते असा ठपका तिच्यावर आला. मेट्रोच्या खोदकामासाठी, पुलांच्या कामासाठी मार्ग ‘तात्पुरते’ बंद झाले आणि पुन्हा उघडले नाहीत. गाड्या कमी झाल्या, तशी दोन गाड्यांमधली वेळ वाढली. थांबून कंटाळलेला प्रवासी दुसरीकडे वळला. मग साहेबांनी आकडे दाखवले : पाहा, ट्रामला प्रवासीच नाहीत! दरम्यान डेपोंच्या मोक्याच्या जमिनींना बाजारात गिऱ्हाईक तयार होतेच. २०२४ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने जाहीर केले की, मैदान ते एस्प्लनेड हा एक वारसा मार्ग ठेवून बाकी ट्राम बंद करण्यात येईल. प्रश्न उच्च न्यायालयात आहे आणि ट्रामसाठी झटणारे नागरिक अजून थकलेले नाहीत. पण दीडशे वर्षांची सेवा प्रदर्शनाची वस्तू होण्यापर्यंत आली, ही वस्तुस्थिती आहे.

हा क्रम ओळखीचा वाटतो ना? आधी दुरुस्ती थांबवायची, मग भरती थांबवायची, मग सेवा बिघडली म्हणायची, मग ती कुणाला नको आहे म्हणायची. टपालखात्यातल्या बंधूंनी २०१३ च्या जुलैत तार बंद झालेली पाहिली आहे. तंत्र बदलले, हे खरे. पण प्रत्येक बंद होणारी गोष्ट तंत्र बदलल्यामुळेच बंद होते, असे नाही. विजेवर, रुळांवर, धूर न सोडता चालणारी गाडी जुनी म्हणून मोडीत निघाली. आणि तशीच गाडी युरोपातली शहरे आज नव्याने रूळ टाकून चालवीत आहेत. फ्रान्समध्ये नांत शहराने १९८५ साली ट्राम पुन्हा सुरू केली. त्यानंतर ग्रनोबल आणि स्ट्रासबूर यांनीही तेच केले. मग जुने काय आणि नवे काय, हे ठरवते कोण?

सरकारचा एक मुद्दा मात्र आपण प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. सरकार म्हणते की, कोलकात्यात रस्ते शहराच्या क्षेत्रफळाच्या केवळ ६ टक्के आहेत, म्हणून ट्रामला जागा नाही. आमचे म्हणणे असे की, जागा इतकी थोडी असेल, तर ती थोड्या जागेत जास्त माणसे नेणाऱ्या गाडीलाच आधी दिली पाहिजे. मोटारीत एक साहेब आणि ड्रायव्हर बसतात. तेवढा रस्ता अडवून बस किंवा ट्राम कितीतरी जास्त माणसे नेते. रेशनचे धान्य कमी पडले, तर आधी कुणाला द्यायचे, हे जसे ठरवतात, तसेच रस्त्याचेही ठरवले पाहिजे.

मेट्रोला आमचा विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्यात धावली आणि ती रेल्वे कामगारांनी चालवली. २०२४ साली ती हुगळी नदीखालून गेली. ऑगस्ट २०२५ पासून सियालदहहून एस्प्लनेडला थेट मेट्रोने जाता येते. लोकांची सोय झाली, याचा आनंदच आहे. पण मेट्रो दूर दूर थांबते. बाजारातून पिशवी घेऊन चार गल्ल्या पलीकडे जाणाऱ्या म्हातारीसाठी जमिनीवरची गाडी लागतेच. एक पाय लांब करून दुसरा कापला, तर माणूस चालायचा कसा?

बसचे पाहा. कोलकात्यात बहुतेक बस खाजगी मालकांच्या आहेत. तिथे ड्रायव्हर-कंडक्टरला तिकिटांच्या विक्रीवर टक्केवारीने मोबदला देण्याची पद्धत जुनी आहे. त्यातून प्रवासी पळवण्यासाठी गाड्यांची शर्यत लागते आणि माणसे चाकाखाली येतात. दोष ड्रायव्हरचा धरला जातो, मोबदल्याच्या पद्धतीचा कुणी धरत नाही. आपण मुंबईत तरी निराळे काय पाहिले? ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्राम बंद झाली, तेव्हा बेस्टची बस तरी पालिकेची होती. आज बेस्टच्या नावाने धावणाऱ्या अनेक गाड्या कंत्राटदारांच्या आहेत. लाल रंग तोच, पण चाकामागे बसलेल्या कामगाराला ना तो पगार, ना ती नोकरीची शाश्वती.

आणि आपली लोकल? कोलकात्याच्या परिसरात पूर्व रेल्वे, दक्षिण-पूर्व रेल्वे आणि मेट्रो रेल्वे, अशा तीन रेल्वे आहेत. बस आणि ट्राम राज्य सरकारच्या महामंडळाकडे, खाजगी बस मालकांकडे. कल्याणीहून येणाऱ्या माणसाचा प्रवास एक, पण खिडक्या अनेक. भाडे प्रत्येक वेळी नव्याने मोजायचे. वेळापत्रके एकमेकांना ओळखत नाहीत. साहेबांची खाती वेगळी आहेत, याचा दंड प्रवासी भरतो.

मग आपण करायचे काय? आमच्या मते तीन गोष्टी आज करता येतील.

पहिली, बिघाडाची नोंद ठेवा. आपल्या स्टेशनात, डेपोत, टपाल कचेरीत किती जागा रिकाम्या आहेत, कोणती फेरी केव्हापासून रद्द आहे, कोणती दुरुस्ती लांबली आहे, हे तारखेसह लिहून ठेवा. ‘लोकांना नको आहे’ असे साहेब म्हणतील, तेव्हा हीच वही आपले उत्तर असेल.

दुसरी, प्रवाशाला आपल्या बाजूला घ्या. १९५३ साली भाडेवाढ थांबली, कारण प्रवासी रस्त्यावर होता. आपण फक्त पगाराच्या वेळी प्रवाशांसमोर गेलो, तर तो आपल्याला ओळखणार नाही. गर्दीची वेळ, पादचारी पूल, शौचालय, तिकिटाची खिडकी, हे प्रश्न आपल्या मागणीपत्रात त्याच्या नावाने आले पाहिजेत.

तिसरी, खात्यांच्या भिंती आपण तरी मानू नका. लोकलचा मोटरमन, बसचा कंडक्टर, कंत्राटी ड्रायव्हर आणि पोस्टमन यांच्या युनियनांनी प्रत्येक शहरात एकत्र बसावे. लोकल, बस आणि मेट्रोला मिळून एकच भाडे आणि एकच पास, ही मागणी कामगारांच्या तोंडून आली, तर तिचे वजन वेगळे असेल. कंत्राटी कामगाराला या बैठकीत खुर्ची द्या, दाराशी उभे करू नका.

१९४६ साली ट्रामच्या कामगाराने टपाल कामगाराला विचारले नाही की, तुझे खाते कोणते. आज त्याची ट्राम अडचणीत आहे. ट्राम वाचवा, असा ठराव आपल्या शाखेने मंजूर करून पाठवावा, आणि तो कागद टपालानेच जावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.