कवींच्या शिफारशीने

कवितेचा आस्वाद कसा घ्यावा, या प्रश्नाची टीकाकारांनी दिलेली उत्तरे ग्रंथालयांतून मुबलक आहेत. परंतु या बाबतीत टीकाकाराच्या फर्मानापेक्षा कवीच्या शिफारशीवर भिस्त ठेवणे मला अधिक श्रेयस्कर वाटते, कारण टीकाकार बहुधा थोर काय ते सांगतो, तर कवी जे पुनःपुन्हा वाचूनही आपल्याला साधले नाही, ज्याचा मनातून थोडासा हेवाच वाटला, असे पुस्तक दुसऱ्याच्या हाती देतो.

पुण्यात 1923 साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचा दाखला घ्या. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे प्रभृती कवी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, नव्या रचना वाचून दाखवीत आणि एकमेकांच्या शब्दांची झडती घेत. यांपैकी माधव जूलियन हे फार्सीचे अध्यापक. ज्या काव्यावर त्यांचे प्रेम जडले त्याच्या व्यासंगातूनच त्यांनी मराठीत गज्जल रुजविली आणि पुढे 1933 साली ‘गज्जलांजलि’ सिद्ध झाली. हा संग्रह मोठ्याने वाचावा, कारण ठरावीक अंतराने परतणाऱ्या यमकाची चाहूल कानाला आधी लागते आणि अर्थ मागाहून येतो. डोळ्यांनी भरभर वाचणाऱ्याच्या हातून निम्मी कविता निसटते.

या मंडळींचा सर्वांत सावध वाचक मात्र त्यांच्या चहापात्राजवळ बसलेला नव्हता. ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्र्यांनी 1925 साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली आणि समकालीन कवींच्या लकबींची यथेच्छ थट्टा आरंभिली. ते पुस्तक आपण केवळ हसण्यासाठी वाचतो, हा त्याच्यावर अन्याय आहे. कारण ज्याला मूळ कवीचे वृत्त, शब्दांची निवड आणि भावनेचा आवेश मुखोद्गत नाही, त्याला विडंबन साधणेच शक्य नाही. म्हणून माझी सूचना अशी, की मंडळातील एखाद्या कवीचा संग्रह प्रथम वाचावा, मग ‘झेंडूची फुले’ हाती घ्यावीत आणि नंतर पुन्हा त्या संग्रहाकडे वळावे: थट्टेने जे कोलमडले ती केवळ लकब होती, आणि थट्टेनंतरही जे अविचल उभे राहिले ते काव्य होते, असा निवाडा आपला आपल्यालाच करता येतो. या परीक्षेतून यशवंत पुष्कळच सुखरूप बाहेर पडतात, असे मला वाटते. अर्थात मतभेदाला वाव आहे.

आणि नवल असे, की या थट्टेखोर वाचकाच्याच हाती सोपानदेव चौधरींनी, जे स्वतः कवी होते, आपल्या मातोश्री बहिणाबाईंच्या गाण्यांची वही ठेवली. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात नि घरात राबताना त्यांच्या ओठी आलेली गाणी इतरांनी टिपून घेतली होती. डिसेंबर 1951 मध्ये त्या निवर्तल्या आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह लोकांपुढे आली. लकबी हुडकण्यात ज्याची हयात गेली, त्याला येथे एकही लकब सापडू नये, यापेक्षा मोठी सनद कोणती? हा संग्रह वाचताना खानदेशी बोलीतील अपरिचित शब्दाशी अडून शब्दार्थांकडे धाव घेऊ नये. पुष्कळ गाण्यांतून आठ-आठ अक्षरांचे चरण आहेत, त्यांची चाल जिभेवर बसू द्यावी, म्हणजे अडलेला शब्द बहुधा आपणच आपला अर्थ सांगू लागतो.

आता येत्या पावसाळ्याचा माझा बेत सांगतो; त्यात बहिणाबाईंच्या जोडीला मर्ढेकर आहेत. मर्ढेकरांचा ‘शिशिरागम’ 1939 चा; त्यात बालकवी आणि माधव जूलियन यांचे संस्कार स्पष्ट ऐकू येतात, म्हणजे हा कवी कोणाला वाचून कवी झाला याचा कबुलीजबाबच त्या पानांवर नोंदलेला आहे. आठ वर्षांनी आलेल्या ‘काही कविता’मध्ये ते संस्कार मागे पडले, आणि आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या या कवीने यंत्रयुगातील महानगराची विफलता संतांच्या अभंग-ओवीच्या पुरातन घाटात ओतली. त्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, कवी निर्दोष सुटला. त्या वादाची दप्तरे आपण बांधूनच ठेवू.

‘काही कविता’ आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ ही दोन पुस्तके मी लागोपाठ वाचणार आहे, आणि तीही बहिणाबाई आधी, मर्ढेकर नंतर, याच क्रमाने. बहिणाबाईंच्या संगतीत कान ओवीच्या त्या जुन्या छंदाच्या विसाव्याला सरावतो. पुढचे पाऊल कोठे पडेल, याची त्याला खात्री वाटू लागते. मग मर्ढेकर त्याच वाटेवर नेमक्या त्या जागी एखादा कारखान्यातला, दवाखान्यातला किंवा बाजारातला शब्द आणून ठेवतात, आणि बसणारा धक्का हेतुपुरस्सर दिलेला आहे हे उमगते. उलट क्रमाने वाचणाऱ्याला तो धक्का केवळ खडबडीतपणा वाटण्याचा संभव आहे, आणि मर्ढेकर दुर्बोध आहेत ही तक्रार अशाच वाचकांकडून मी वारंवार ऐकली आहे.