‘मुझिकान्त’ : एका शब्दाची प्रतिष्ठा

आन्तोन रुबिन्श्टाइन हा रशियन पियानोवादक युरोपभर गाजलेला होता. त्यानें आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. पीटर्सबर्गच्या कझान चर्चमध्यें तो पापनिवेदनासाठीं गेला असतां तेथील नोंद घेणाऱ्या सेवकानें त्याला नांव व धंदा विचारला. ‘कलावंत’ असें त्यानें सांगितलें. नाटकशाळेंत नोकरीला आहांत काय? नाहीं. एखाद्या विद्यालयांत शिकवितां काय? नाहीं. मग वहींत लिहावें तरी काय? शेवटीं वडिलांचा धंदा विचारून सेवकानें नोंद केली : दुसऱ्या श्रेणीच्या व्यापाऱ्याचा मुलगा! ज्याच्या वादनासाठीं राजधान्या लोटत, त्याच्या कलेला वहींत रकानाच नव्हता.

आज मला बोलावयाचें आहे तें या रिकाम्या रकान्याविषयीं. संगीत हाच ज्याचा व्यवसाय, त्याला रशियन भाषेंत ‘मुझिकान्त’ म्हणतात. या शब्दाचा मागोवा घेतला म्हणजे तो रकाना इतका काळ रिकामा कां राहिला, हेंही उमगतें.

शब्दाचें मूळ ग्रीक. काव्य-कलांच्या नऊ देवता त्या ‘म्यूझ’. त्यांची विद्या ती ‘मूसिके’. ख्रिस्ती धर्माबरोबर हा शब्द ‘मुसिकिया’ या रूपानें चर्चच्या स्लाव्ह भाषेंत आला. पण प्राचीन रशियन चर्चमध्यें वाद्यांना प्रवेश नव्हता. देवाची स्तुति मनुष्याच्या कंठानेंच व्हावयाची. त्यामुळें गाणाऱ्याला देवळांत जागा मिळाली. वाजविणारा मात्र बाहेर बाजारांत आणि जत्रेंतच राहिला.

त्या वाजविणाऱ्याला तेव्हां देशी नांवें होतीं. ‘गुदेत्स’ म्हणजे तंतुवाद्य वाजविणारा. घुमणें, गुंजणें या अर्थाच्या धातूपासून हा शब्द निघाला. ‘स्कोमोरोख’ म्हणजे गाणें, वाजविणें, सोंगें आणणें, अस्वल नाचविणें असें सर्व कांहीं करणारा फिरता खेळिया. लोकांना तो प्रिय होता. धर्माधिकाऱ्यांना मात्र तो सैतानाचा सोबती वाटे. १६४८ सालीं झार अलेक्सेइ यानें फर्मान काढून या खेळियांवर बंदी घातली आणि त्यांचीं वाद्यें मोडून जाळण्याचा हुकूम दिला. मॉस्कोंत पांच गाड्या भरून वाद्यें नदीपलीकडे नेऊन जाळलीं, असें जर्मन प्रवासी ओलेआरियस यानें लिहून ठेवलें आहे. वाद्यांबरोबर तीं देशी नांवेंही मागें पडलीं.

पुढें महान् पीटरनें पश्चिमेकडची खिडकी उघडली. सैन्यासाठीं आणि दरबारासाठीं जर्मन वादक आले, आणि त्यांच्यामागून ‘मुझिकान्ट’ हा त्यांचा शब्दही आला. शेजारच्या पोलिश भाषेंतही तो रूढ होता. ‘मुझिका’ हा संगीतवाचक शब्दही त्याच वाटेनें रशियांत स्थिर झाला. पुष्किनच्या काळीं कोणी कोणी तो मधल्या अक्षरावर जोर देऊन उच्चारीत, ही पोलिश वळणाचीच खूण होय.

येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जर्मन भाषेंत ‘मूझिकर’ हा विद्यावंत संगीतकार. ‘मुझिकान्ट’ हा लग्नांत, नाचांत वाजविणारा. आपणही वाजंत्र्याला संगीतज्ञ म्हणत नाहीं, तशांतलाच हा भेद. रशियाच्या वांट्याला यांतला खालचा शब्द आला, आणि तेथील समाजरचनेनें त्याला आणखी खालीं ढकललें. जमीनदार आपल्या भूदासांना वाद्यें शिकवून खासगी वाद्यवृंद उभे करीत. १७५१ च्या सुमारास नारिश्किन या सरदाराच्या पदरीं असलेल्या मारेश नांवाच्या बोहेमियन वादकानें शिंगांचा वृंद रचला. त्यांत प्रत्येक शिंगांतून एकच स्वर निघे. वाजविणाऱ्यानें आपली पाळी येईपर्यंत मात्रा मोजीत उभें राहावें आणि तेवढा एक स्वर फुंकावा. ऐकणाऱ्यांना तें नवल वाटे. पण जिवंत माणसाला एका स्वराएवढेंच अस्तित्व उरावें, ही गोष्ट मनाला बोंचल्यावांचून राहत नाहीं. असल्या काळांत कोणता कुलीन मनुष्य अभिमानानें स्वतःला ‘मुझिकान्त’ म्हणवून घेणार?

म्हणून मोठमोठे रशियन संगीतकार पोटापुरते दुसरेच कांहीं असत. बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक, क्युइ तटबंदीशास्त्राचा जाणकार, रिम्स्की-कोर्साकोव्ह आरमारी अधिकारी, आणि चायकोव्हस्की न्यायखात्यांतील कारकून.

१८६१ हें भूदासांच्या मुक्ततेचें साल. त्याच वर्षीं रुबिन्श्टाइननें एका लेखांत ही व्यथा उघड मांडली : चित्रकाराला राज्यांत दर्जा आहे, संगीतकाराला नाहीं, त्यामुळें संगीत हा हौशी लोकांचा फावल्या वेळचा खेळ होऊन बसला आहे. तो तक्रार करून थांबला नाहीं. १८६२ मध्यें त्याच्या खटपटीनें पीटर्सबर्ग येथें संगीत महाविद्यालय उघडलें. तेथील पदवीधराला ‘स्वोबोद्नी खुदोझ्निक’, म्हणजे मुक्त कलावंत, ही राजमान्य पदवी मिळूं लागली. तिच्याबरोबर डोईपट्टी आणि सक्तीची सैन्यभरती यांपासून सूटही असे. चायकोव्हस्की पहिल्याच तुकडींत दाखल झाला आणि १८६३ सालीं त्यानें कारकुनी सोडली. आरमारी रिम्स्की-कोर्साकोव्हही १८७१ मध्यें तेथें प्राध्यापक झाला. आज तें विद्यालय त्याच्याच नांवानें ओळखलें जातें.

गंमत अशी, कीं सरकारनें प्रतिष्ठा दिली ती ‘मुक्त कलावंत’ या नव्या नांवाला. पण ती पदवी १९१७ च्या क्रांतीनंतर लयाला गेली, आणि टिकला तो जुना ‘मुझिकान्त’च! आज रशियन मनुष्य थोर वादकाविषयीं हाच शब्द आदरानें उच्चारतो. शब्द बदलला नाहीं. त्या शब्दामागें उभा असलेला माणूस मोकळा झाला, शिकला, आणि त्यानें आपल्या नांवाचें उणेपण धुऊन काढलें.

श्रोतेहो, कोश आपल्याला सांगतो कीं हा शब्द ग्रीसमधून निघाला आणि जर्मनींतून रशियांत आला. तें खरेंच आहे. पण त्याचा मान कोठून आला हें विचाराल, तर तो कोणत्याही परदेशांतून आलेला नाहीं. तो रशियांतल्या रशियांत, घामानें मिळवावा लागला.