अधिसभेची मुदत आणि उशिराची निवडणूक

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीहून नागपूर शंभर किलोमीटरांपलीकडे आहे. पण धानाची बांधी सांभाळत कॉलेज करणाऱ्या इथल्या मुलामुलींची परीक्षा कधी, फी किती आणि निकाल केव्हा, हे सारे तिथेच ठरते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या हद्दीत आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. लाखांदूरला लागून असलेला देसाईगंज तालुका २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठात गेला, भंडारा नागपूरकडेच राहिला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी घेऊन सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या कारभारात खेड्यातल्या पदवीधराला शिरायला सरळ वाट एकच आहे. ती म्हणजे अधिसभेची, सगळे सिनेट म्हणतात तिची, निवडणूक.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याप्रमाणे अधिसभेवर १० प्राचार्य, १० अध्यापक, ६ संस्थाचालक आणि १० नोंदणीकृत पदवीधर निवडून जातात. शिवाय पदसिद्ध आणि कुलपतींनी नेमलेले सदस्य असतात. पदवीधरांच्या १० जागांपैकी ५ खुल्या आणि ५ राखीव. अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो, वार्षिक अहवाल तिथेच येतो, आणि व्यवस्थापन परिषदेवर दोन प्राचार्य, दोन अध्यापक, दोन संस्थाचालक व दोन पदवीधर पाठवण्याचे कामही अधिसभाच करते. खर्च, नेमणुका आणि मालमत्ता यांचा खरा कारभार ही परिषद पाहते. म्हणजे अधिसभा अडली की पुढचे सगळे अडते.

ती अडते कुठे? मुदतीच्या हिशेबात.

ग्रामपंचायतीचा हिशेब गावात सगळ्यांना ठाऊक आहे. उपसरपंच निवडायला पहिली सभा बसली की त्या दिवसापासून पाच वर्षे. निवडणूक लांबली तरी निवडून आलेल्यांची पाच वर्षे शाबूत राहतात. विद्यापीठात तसे नाही. तिथे पाच वर्षांची मुदत १ सप्टेंबरला सुरू होते आणि पाचव्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला संपते. सदस्य प्रत्यक्षात कधी निवडून आला याच्याशी तिला देणेघेणे नाही. निवडणूक जितकी उशिरा, तितका त्याचा कार्यकाळ कमी.

मुंबई विद्यापीठात हे अगदी उघड दिसले. तिथल्या पदवीधरांनी मार्च २०१८ मध्ये मतदान केले. पण मुदत सप्टेंबर २०१७ पासून धरलेली, म्हणून ती ३१ ऑगस्ट २०२२ लाच संपली. पुढची निवडणूक १० सप्टेंबर २०२३ ला ठरली होती. ऑगस्टमध्ये तिला स्थगिती मिळाली. मतदारयादीत दुबार नावे असल्याची तक्रार होती. नव्वद हजारांहून अधिक नावांची ती यादी बाजूला ठेवून नव्याने नोंदणी झाली आणि शेवटी मतदार उरले १३,४०६. मग २२ सप्टेंबर २०२४ ही तारीख ठरली. तीही ऐन तोंडावर थांबवली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने सरकारचा आदेश रोखला आणि २४ सप्टेंबरला मतदान पार पडले. ज्या मुदतीसाठी हे दहा जण निवडले गेले, तिची दोन वर्षे तोवर संपली होती. दहाही जागा युवासेनेने जिंकल्या. निकाल कोणाच्या बाजूचा, हा इथे मुद्दाच नाही. हरलेल्यांचीही दोन वर्षे गेली, आणि विद्यार्थ्यांची तर गेलीच. नागपुरात हाल कमी झाले, पण झाले: मुदत ऑगस्ट २०२२ अखेर संपली आणि पदवीधरांचे मतदान मार्च २०२३ मध्ये झाले.

मधल्या काळात काय होते, याचा विचार क्वचितच होतो. ३१ ऑगस्टला सगळेच सदस्य एकदम पायउतार होतात, त्यामुळे जाब विचारायला निवडून आलेला कोणी उरत नाही. तातडीच्या प्रसंगी स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने कुलगुरूंना दिला आहे. तो अडीनडीसाठी आहे. त्यावर महिनोन्‌महिने विद्यापीठ चालवावे असा त्याचा हेतू नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या आठ रीजंटांची, म्हणजे नियामक मंडळाच्या सदस्यांची, मुदत आठ वर्षांची असते, पण दर दोन वर्षांनी दोनच जागांची निवडणूक होते आणि ती राज्यातले सगळे मतदार करतात. तिथे राजकीय पक्षांचे उमेदवार उघडपणे लढतात, ते इकडे आणावे असे कोणी म्हणणार नाही. पण सगळे सभागृह एका दिवशी रिकामे न करण्याची युक्ती मात्र जरूर घ्यावी.

मुदतीचा हा वाद जुना आहे. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याआधी मुंबई विद्यापीठाचे फेलो, म्हणजे सिनेटचे सदस्य, तहहयात असत. त्या कायद्याने मुदत पाच वर्षांवर आणली, फेलोंची संख्या ५० ते १०० मध्ये बांधली, पदवीधरांच्या वाट्याला १० जागा दिल्या आणि बहुतेक नेमणुका कुलपतींच्या हाती ठेवल्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला कडाडून विरोध केला. तहहयात पद वाईटच होते. पण पाच वर्षांनी पुन्हा घ्यायचे की नाही हे सरकार ठरवणार असेल, तर छोटी मुदत सदस्याच्या गळ्यातली दोरी होते. तोच निर्णय मतदाराकडे असला की तीच मुदत त्याला जबाबदार ठेवते. मुदतीची लांबी त्यानंतरची बाब.

पुन्हा पुन्हा निवडून येण्यावर मर्यादा असावी का, हा आणखी एक प्रश्न. कुलगुरूंच्या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा स्पष्ट आहे: पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, जे आधी होईल ते, आणि फेरनियुक्ती नाही. सहकारी बँकांच्या संचालकांनाही सलग ८ वर्षांची मर्यादा होती, २०२५ मध्ये ती १० झाली. अधिसभेबाबत मर्यादा मोजायची तर ती माणसावर मोजावी, मतदारसंघावर नव्हे. काल अध्यापक म्हणून आणि आज प्राचार्य म्हणून तीच व्यक्ती आली, तर खुर्ची बदलली, माणूस नाही.

आता प्रत्यक्ष मतपत्रिका पाहू. इथे शिक्का नसतो, पसंतीक्रम असतो: १, २, ३. समजा पाच खुल्या जागांसाठी १२,००० वैध मते पडली. पाचात एक मिळवून सहाने भागायचे, २,००० येतात, त्यात एक मिळवला की कोटा २,००१. तेवढी मते मिळालेला निवडून आला. त्याची जादा मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे जातात, सर्वांत खाली असलेला बाद होतो आणि त्याचीही मते वाटली जातात. म्हणून मोजणी तासन्‌तास चालते. या पद्धतीत छोट्या गटालाही जागा मिळू शकते, हा तिचा मोठा गुण. मात्र सवयीने बरोबरची खूण केली की मत बाद. भंडाऱ्यातल्या पदवीधरांना विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर मतदारसंघामुळे ही पद्धत परकी नाही.

फरक आहे तो यादी करणाऱ्यात. विधान परिषदेची यादी निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली होते. अधिसभेची यादी विद्यापीठ करते आणि निवडणूक निर्णय अधिकारी असतात कुलसचिव. ज्यांच्या कारभारावर नवे सभागृह प्रश्न विचारणार, त्यांच्याच कार्यालयाने यादी करायची आणि तारीखही लावायची. यात व्यक्तींवर शंका घेण्याचे कारण नाही, रचनाच चुकीची आहे. हे काम राज्य निवडणूक आयोगासारख्या बाहेरच्या यंत्रणेकडे द्यावे. मात्र २०२२ नंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या, हेही विसरून चालणार नाही. म्हणून कायद्यातच दुरुस्ती हवी: मुदत संपण्यापूर्वी मतदान पूर्ण झाले पाहिजे, आणि ते लांबलेच तर मुदत पहिल्या बैठकीपासून मोजली गेली पाहिजे.

नागपूरच्या सध्याच्या अधिसभेची मुदत ३१ ऑगस्ट २०२७ ला संपते. पदवीधराचे नाव यादीत आपोआप येत नाही, अर्ज भरावा लागतो. पदवी प्रमाणपत्र गावातल्या ट्रंकेत आणि मुलगा पुण्याला नोकरीत, अशी घरे लाखांदूर तालुक्यात पुष्कळ आहेत. नोंदणीची तारीख त्यांना शेवटच्या आठवड्यात कळून उपयोग नाही. प्रत्येक महाविद्यालयाने सहा महिने आधी सूचना फलकावर लावावी, मसुदा यादी तहसील कार्यालयात पाहायला ठेवावी, आणि हरकती ऐकायला अधिकाऱ्याने नागपूरहून तालुक्याला यावे.