पळण्यास मनाई

2006 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲटलबरो येथील एका प्राथमिक शाळेने मधल्या सुट्टीतील पकडापकडीवर बंदी घातली. मुलांना इजा होईल आणि दायित्व शाळेवर येईल, हे भय त्यामागे होते. हे भय केवळ अमेरिकेचेच, असे मानण्याचे कारण नाही.

पाठलाग आणि हुलकावणी हा तर खो-खोचा प्राण! 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची चौकट दिली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतील पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजेते ठरले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. असे चापल्य पडल्याझडल्यावाचून अंगी बाणत नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले. परंतु गुडघा खरचटताच पालक मुख्याध्यापकांना जाब विचारू लागले, तर शिक्षक मुलांना मैदानावर सोडण्यास धजावतील कसे? (आणि मग सायंशाखेत बाल येत नाहीत, ही खंत कोणाकडे मांडायची?) येत्या पालकसभेत गुणपत्रिकेआधी खेळाच्या तासाची चौकशी व्हावी, आणि ती स्वयंसेवकांच्या घरांतून प्रथम व्हावी.