संगणकाच्या टेबलावर खडूची रेघ



शाळेत संगणक येतो तेव्हा पहिले काही दिवस तो झपझप चालतो. पुढे गुरुजींची तक्रार सुरू होते, "मशीन अडकते. एक खिडकी उघडली की दुसरी हलत नाही." कोणी म्हणते व्हायरस शिरला, कोणी म्हणते मशीन जुने झाले. पुष्कळदा तसे काही नसते. एकच प्रोग्रॅम बहुतेक सगळी मेमरी अडवून बसलेला असतो. अशा प्रोग्रॅमला मर्यादा कशी घालावी, आणि घातली म्हणजे काय होते, तेवढेच आज पाहू.

शिक्षकांच्या खोलीतले टेबल डोळ्यांपुढे आणा. भिंतीशी कपाट आहे, त्यात सगळे दप्तर राहते. ते कपाट म्हणजे डिस्क. टेबल म्हणजे मेमरी, जिला रॅम म्हणतात ती. काम करायचे तर वही कपाटातून काढून टेबलावर घ्यावी लागते. टेबल ४ जीबीचे असेल तर त्याचा बराच भाग विंडोज किंवा लिनक्स स्वतःकडे ठेवते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी हवेत असे मायक्रोसॉफ्टच सांगते. म्हणजे तिथे टेबल पहिल्यापासूनच तोकडे. उरलेल्या जागेत एकीकडे निकालाचा तक्ता, दुसरीकडे ब्राउझर. आणि हे ब्राउझर गृहस्थ कसे, तर प्रत्येक टॅबची वही उघडी टाकून ठेवणारे! टेबल भरले की संगणक काही वह्या कपाटात नेतो आणि मागितल्या की परत आणतो. ह्या येरझाऱ्या वाढल्या की आपण म्हणतो, मशीन अडकले.

लिनक्सवर याहून वाईट प्रसंगही येतो. टेबल भरले आणि कपाटातली राखीव फळीही भरली, की लिनक्सचा गाभा एखादा प्रोग्रॅम बंद पाडून जागा मोकळी करतो. बहुधा ज्याने जास्त जागा घेतली असेल त्यावर पाळी येते. पण तो दरवेळी दोषी असतोच असे नाही. तुमचा न साठवलेला निकालाचा तक्ताही त्यात जाऊ शकतो, आणि दुपारभराची मेहनत वाया!

म्हणून टेबलावर खडूची रेघ ओढायची. काही प्रोग्रॅममध्ये ती सोय आतच असते. चित्रांचे काम करणाऱ्या जिंपमध्ये ‘टाइल कॅश’चा आकडा ठरवता येतो; त्यापुढचे चित्र तो डिस्कवर ठेवतो, म्हणजे कामाला वेळ लागतो पण काम मोडत नाही. जावावर चालणाऱ्या प्रोग्रॅमना ‘एक्सएमएक्स’ नावाचा आकडा देता येतो. काही न सांगितल्यास जावा साधारणपणे मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा आपली कमाल समजते. मात्र हा आकडा जावाच्या एका मोठ्या कप्प्यापुरता असतो. प्रोग्रॅमची एकूण जागा त्याहून थोडी जास्तच भरते.

बहुतेक ब्राउझरांना अशी सरळ रेघ आतून ओढता येत नाही. लिनक्सवर ‘युलिमिट’ची जुनी आज्ञा आहे, पण ती इथे फारशी कामाची नाही, हे मी स्पष्टच सांगतो. ती एकेका प्रक्रियेला वेगळे मोजते, आणि ब्राउझर तर एकटाच अनेक प्रक्रियांत वाटलेला असतो. शिवाय ती प्रत्यक्ष वापरलेली जागा न मोजता नुसती नावावर राखलेली जागा मोजते. ब्राउझर भरमसाट जागा नावावर करून ठेवतो, म्हणून तो कधी सुरूच होत नाही. ‘सीग्रूप’ ही सोय सगळ्या घराचा हिशेब एकत्र धरते. गूगलमधील इंजिनियरांनी २००६ साली ते काम सुरू केले, आणि २००८ साली ते लिनक्सच्या गाभ्यात आले. ‘सिस्टिमडी-रन’ या आज्ञेने ब्राउझर सुरू करताना हा आकडा देता येतो.

त्यात रेघा दोन आहेत, बरे का. ‘मेमरीहाय’ ही कच्ची रेघ: ती ओलांडली की प्रोग्रॅमची चाल मंदावते आणि त्याच्या वह्या कपाटाकडे जाऊ लागतात. ‘मेमरीमॅक्स’ ही पक्की रेघ: ती गाठली आणि जागा निघेनाच, तर एखादा टॅब किंवा सगळा ब्राउझर बंद होतो. कपाटातल्या फळीलाही मर्यादा घाला, नाहीतर पाहुणा तिकडे पसरतो.

विंडोजवर ‘जॉब ऑब्जेक्ट’ नावाची सोय विंडोज २००० पासून आहे. पण ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी, टास्क मॅनेजरमध्ये तिचे बटण नाही. तिथे क्रोममधील मेमरी सेव्हर किंवा एजमधील झोपणारे टॅब चालू करणे हाच सोपा उपाय.

रेघेमुळे प्रोग्रॅमची भूक कमी होत नाही, हे ध्यानात असू द्या. जागा संपल्यावर कोणाचे नुकसान व्हावे, एवढेच आपण आधी ठरवतो. म्हणून ज्यात तुम्ही लिहीत आहात त्या तक्त्याला रेघ घालू नका, ब्राउझरला घाला. बंद झालेले पान बहुधा पुन्हा उघडता येते. ऑनलाइन फॉर्म मात्र अर्धवट सोडून उठू नका.

आकडा अंदाजाने ठेवू नये. आठवडाभर सिस्टिम मॉनिटरमध्ये पाहा, नेहमीच्या कामात ब्राउझर किती घेतो. त्याहून थोडा जास्त आकडा द्या. लिनक्सच्या ४ जीबीच्या मशीनवर २ जीबीपासून सुरुवात करायला हरकत नाही. मग मुद्दाम दहा-पंधरा टॅब उघडा आणि निकालाच्या तक्त्यात दोन ओळी भरून पाहा, त्या अडखळत नाहीत ना.