पबशेजारचं घर घ्यावं का?
(खातेदार मेळाव्यातील भाषण)



मागच्या मेळाव्यात बोलणं संपल्यावर एक ताई माझ्याजवळ आल्या. हातात घडी घातलेला कागद होता, त्यावर दोन आकडे लिहिलेले होते : 52 लाख आणि 46 लाख. एकाच वस्तीत दोन फ्लॅट, दोन्ही दोन खोल्यांचे, क्षेत्रफळही जवळजवळ सारखं. पण 46 लाखांच्या फ्लॅटला लागून पब आहे. "सहा लाख वाचतात, घेऊन टाकू का?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांना म्हटलं, याचं उत्तर उभ्या उभ्या देता येणार नाही, पुढच्या वेळी सगळ्यांसमोर बोलू. म्हणून आज हा विषय.

तुमच्या शेजारी कदाचित पब नसेल. बार असेल, परमिट रूम असेल, मंगल कार्यालय असेल, नाहीतर गच्चीवरचं हॉटेल असेल. हिशोब सगळीकडे तोच आहे.

आधी पैशांचं बघू, कारण मोह तिथेच पडतो. 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम देऊ शकते. ही रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा आहे. म्हणजे 46 लाखांच्या घराला 36 लाख 80 हजार कर्ज आणि 9 लाख 20 हजार तुमचे. 52 लाखांच्या घराला 41 लाख 60 हजार कर्ज आणि 10 लाख 40 हजार तुमचे. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली, तर पहिल्या घराचा मासिक हप्ता साधारण 31,900 रुपये येतो आणि दुसऱ्याचा साधारण 36,100.

म्हणजे "सहा लाख वाचले" याचा खरा अर्थ काय? आज खिशातून 1 लाख 20 हजार कमी जातील आणि दरमहा सुमारे 4,200 रुपये कमी भरावे लागतील. ही रक्कम लहान नाही. आपल्यापैकी अनेकांचा महिन्याचा किराणा तेवढ्यात येतो. पण प्रश्न आता नीट विचारता येतो : महिन्याला 4,200 रुपये घेऊन तुम्ही त्या पबशेजारी राहायला तयार आहात का? 20 वर्षं? घरातली सगळी माणसं?

आता एक गोष्ट सांगते. ती सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

बदलीच्या नोकरीत काही वर्षं मी बेंगळुरूला होते, गृहकर्जाच्या टेबलावर. एक जोडपं आलं. नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला, म्हणजे पहाटे साडेचारला उठणारा. बायको घरी शिवणकाम करायची. पोरगा सातवीत. त्यांनी अकरा वर्षं आवर्ती ठेव आणि भिशी करून पैसे जमवले होते. फ्लॅट पाहायला मी स्वतः गेले, दुपारी बारा वाजता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर खुर्च्या उलट्या घालून ठेवलेल्या होत्या, एक पोरगा फरशी धूत होता. शांत होतं सगळं. मालकीहक्काचे कागद चोख, मूल्यांकन ठीक, पगाराच्या मानाने हप्ता बसत होता. कर्ज मंजूर झालं. त्यांनी पेढे आणले.

दीड वर्षाने तो माणूस पुन्हा आला. घर विकायचं होतं. गच्चीवरचं गाणं रात्री साडेबारा-एकपर्यंत चालायचं आणि याला साडेचारला उठायचं. मशीनवर एकदा डुलकी लागली, हात थोडक्यात वाचला. मग त्यांनी दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने खोली घेतली. स्वतःच्या घराचा हप्ता आणि दुसऱ्याच्या घराचं भाडं, दोन्ही चालू. गिऱ्हाईकं संध्याकाळी घर बघायला यायची आणि समोर बघून परत जायची.

मी कागद पाहिले होते, पण रात्र पाहिली नव्हती. बँकेच्या अर्जात रात्रीसाठी रकानाच नाही. म्हणून मंडळी, हे पक्कं लक्षात ठेवा : बँकेने कर्ज मंजूर केलं, म्हणजे घर तुमच्यासाठी चांगलं आहे असं बँक म्हणत नाही. आपले पैसे परत येतील, एवढंच ती पाहते. त्या घरात झोप लागते की नाही, हे तुम्हालाच पाहायचं आहे.

"नाही जमलं तर विकून टाकू" असं काही जण म्हणतात. त्याचाही हिशोब मांडू. 36 लाख 80 हजारांच्या कर्जावर पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले सुमारे 26,000 रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम 5,900 फिटतं. दोन वर्षांत तुम्ही 7 लाख 66 हजार भरता, पण कर्ज कमी होतं फक्त दीड लाखाच्या आसपास. शिवाय घेताना भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी परत मिळत नाही. ते राज्याराज्यात वेगळं असतं, पण 6 टक्के धरलं तरी 46 लाखांवर पावणेतीन लाख होतात. इतक्या किमतीच्या घराला बँक हा खर्च कर्जात धरत नाही, तो आपल्याच बचतीतून जातो. वर दलाली. आणि ज्या कारणाने तुम्हाला सहा लाख कमी पडले, त्याच कारणाने तुमचा गिऱ्हाईकही तेवढेच कमी करून मागणार. सूट घेऊन घर घेणाऱ्याला विकताना सूट द्यावीच लागते.

इथे कराचाही एक खाचखळगा आहे. मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी सरकार प्रत्येक भागाचा दर ठरवतं. महाराष्ट्रात त्याला रेडी रेकनर म्हणतात, दुसरीकडे सर्कल रेट किंवा गाइडन्स व्हॅल्यू. शेजारी पब आहे म्हणून हा दर उतरत नाही. समजा सरकारी हिशोबाने फ्लॅट 52 लाखांचा आहे आणि तुम्ही तो 46 लाखांना घेतलात. मुद्रांक शुल्क 52 लाखांवर भरावं लागेल. वर, दोन्हींतला फरक खरेदी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो. 46 लाखांचे 10 टक्के म्हणजे 4 लाख 60 हजार. फरक 6 लाखांचा, म्हणजे तुम्ही मर्यादेबाहेर. सरकारी दर जास्त वाटत असेल तर आयकर विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते, पण ती खटपट आहे. म्हणून सौदा ठरवण्याआधी त्या फ्लॅटचा सरकारी दर काढा आणि सनदी लेखापालाला एकदा विचारा.

आता कायद्याकडे वळू. अनेकांना वाटतं, त्रास झाला तर तक्रार करू. जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून देशभर लागू आहेत. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे. बंद सभागृहासारख्या जागांना आणि सरकारने परवानगी दिलेल्या सणासुदीच्या मोजक्या दिवसांना तेवढा अपवाद. सर्वोच्च न्यायालयानेही 2005 साली आवाजापासून मुक्त, शांत जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पोलिसांना 112 वर फोन करता येतो, लेखी तक्रार देता येते.

पण एक बारकावा आहे. तुमची इमारत नकाशावर निवासी भागात आहे की व्यापारी? व्यापारी भागात हीच मर्यादा दिवसा 65 आणि रात्री 55 आहे. दहा डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण आवाज दहा डेसिबलने वाढला की कानाला तो जवळजवळ दुप्पट वाटतो. मोठ्या रस्त्यावरच्या इमारती पुष्कळदा व्यापारी भागात येतात. नगरपालिकेच्या किंवा विकास प्राधिकरणाच्या आराखड्यात हे पाहून घ्या.

आणि नियम असले तरी ते राबवायला माणसं लागतात. बेंगळुरूच्या इंदिरानगरात पबच्या आवाजावरून रहिवाशांना न्यायालयापर्यंत जावं लागलं. तिथले अनेक जण पबच्या आधीपासून राहत होते. तुम्ही तर पब बघून घर घेणार. विक्रेत्यालाही दोष देता येणार नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, साधी काळजी घेऊनही घेणाऱ्याला कळणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याने सांगायला हवा. शेजारचा पब तर डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो. तक्रार हा हक्क आहे, पण तक्रारीच्या भरवशावर घर घेऊ नये.

"पब उद्या बंद होईल" या आशेवरही घेऊ नका. दारूचा विषय राज्य सरकारांच्या हातात आहे. शाळा-देवळापासूनचं अंतर, बंद होण्याची वेळ, परवान्याचे नियम, सगळं राज्यागणिक बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. एप्रिल 2017 पासून ठिकठिकाणी बारना कुलपं लागली. जुलैमध्ये न्यायालयाने खुलासा केला की हा आदेश शहरांच्या पालिका हद्दीतल्या परवान्यांना लागू नाही, आणि कित्येक कुलपं पुन्हा निघाली. मधल्या तीन महिन्यांच्या शांततेत कुणी घर घेतलं असेल, तर त्याची काय गत झाली असेल!

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पबशेजारचं प्रत्येक घर वाईट नसतं. बेडरूम मागच्या बाजूला असेल, पब बंद हॉलमध्ये असेल, घरातली माणसं उशिरापर्यंत जागणारी असतील, तर 4,200 रुपयांची बचत खरीच बचत आहे. रस्ता रात्री जागता असतो, रिक्षा मिळते, हेही काहींना सोयीचं वाटतं. भाड्याने द्यायला घेणार असाल तर तरुण भाडेकरू मिळतील, मात्र ते लवकर बदलतील, हे धरून चाला. पण घरात तान्हं मूल, म्हातारी माणसं, दहावी-बारावीचा विद्यार्थी किंवा पहाटे उठणारा कमावता माणूस असेल, तर दहा वेळा विचार करा. आणि जाड दुहेरी काचेवर फार विसंबू नका. काचेने गाण्याचा वरचा आवाज कमी होतो, पण ढोलाचा खालचा धपधप आवाज भिंतीतून आणि स्लॅबमधून येतोच. वर खिडक्या कायम बंद, म्हणजे एसी आणि त्याचं वीजबिल.

मग करायचं काय? इसार देण्याआधी एवढं करा.

पहिलं, घर तीनदा पाहा. एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी, एकदा शनिवारी रात्री अकरा ते एक, आणि एकदा क्रिकेटचा मोठा सामना असेल त्या रात्री. विक्रेत्याला विनंती करून बेडरूममध्ये खिडक्या लावून अर्धा तास नुसतं बसा. तो रात्री घर दाखवायला तयार नसेल, तर तेच उत्तर समजा.

दुसरं, पब बंद झाल्यावरही थोडं थांबा. गाणं थांबल्यावर खरा त्रास सुरू होतो : गाड्या काढणं, हॉर्न, भांडणं, बाटल्यांचे क्रेट आपटणं. मुदपाकखान्याच्या धुराचा पंखा आणि जनरेटर कुणाच्या खिडकीकडे तोंड करून आहे, तेही बघा.

तिसरं, वॉचमन, इस्त्रीवाला, दूधवाला आणि वरखाली राहणारी माणसं यांना विचारा. दलालाला सगळ्यात शेवटी.

चौथं, नव्या इमारतीत घेत असाल तर तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यांबद्दल विचारा. आजचा रिकामा गाळा उद्याचा बार असू शकतो. रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर आराखडा पाहा. आणि लेखी करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका; त्याने तशी मागणेही रेरा कायद्यात बसत नाही.

पाचवं, जमत असेल तर त्याच इमारतीत अकरा महिने भाड्याने राहून पाहा. भाडं वाया गेलं असं वाटेल. पण 20 वर्षांच्या कर्जापुढे अकरा महिन्यांचं भाडं ही स्वस्तातली परीक्षा आहे.

त्या ताई आज इथे बसल्या आहेत. मघाशी दारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, शनिवारी रात्री जाऊन आलो. सासूबाईंना सोबत नेलं होतं." काय ठरवलं, ते मी विचारलं नाही. तो निर्णय त्यांचा आहे. पण सासूबाईंना रात्री सोबत नेऊन घर पाहणारी बाई पैसे बुडवणार नाही, एवढं मी खात्रीने सांगते.